इंजिन हवा घेतंय: स्प्रे, स्कॅनर की स्मोक टेस्ट?

सायनच्या सिग्नलला रेस आपोआप वर-खाली होते, चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन हवा घेतंय,’ म्हणजे कुठल्या तरी फटीतून जास्तीची हवा आत ओढतंय. आता ती शिरते कुठून, हे शोधायला कशावर पैसे घालायचे?

सर्वात स्वस्त स्प्रे. इंजिन चालू ठेवून सांध्यांवर कार्ब क्लीनर मारायचा. फट असेल तिथे तो आत ओढला जातो आणि आवाज बदलतो. गॅरेजात सर्रास चालतं, पण मला पटत नाही. क्लीनर भडकणारा आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट! क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तर मुळीच नको, तापलेल्या धातूवर त्याचा विषारी वायू होतो. त्यापेक्षा साध्या पाण्याची बाटली बरी. पाणी फटीवर क्षणभर बसतं, सूंऽऽ आवाज थांबतो, रेस बदलते. कॉइल आणि कनेक्टर तेवढे सांभाळा. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, खालच्या बाजूला मात्र काहीच पोचत नाही.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, जागा दाखवत नाही. मिस्त्रीचं निदान खरं की खोटं ते सांगतो. म्हणून माझा पहिला खर्च इथे. फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय (शॉर्ट म्हणजे त्या क्षणापुरतं, लाँग म्हणजे सवयीचं). आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, शॉर्ट आणि लाँग मिळून +15 ते +20 टक्के आणि 2500 आरपीएमला शून्याजवळ, तर हवा शिरतेय. जास्त रेसला एकूण हवेत गळतीचा वाटा नगण्य होतो. रेस वाढवल्यावर ट्रिम उलट चढला, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर तपासा. मेख अशी, की हा हिशेब एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीचा. कित्येक छोट्या गाड्यांत फक्त मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. त्याला तिथला वाढलेला दाब कळतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो, ट्रिम फारसा हलत नाही आणि आयडलच चढून बसतो. तिथे पी0171 (हवा जास्त, पेट्रोल कमी) या कोडची वाट बघू नका.

नेमकी जागा दाखवते ती स्मोक टेस्ट. इंजिन बंद करून इनटेकमध्ये तेलाचा धूर जेमतेम 1 पीएसआय दाबाने सोडतात आणि टॉर्चने बघतात: ब्रेक बूस्टरची होज, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ इनटेकमध्ये परत नेणारा) पाइप, इंजेक्टरच्या ओ-रिंगा. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर मी थेट इकडेच येईन. त्यात गॅसच्या नोझलसाठी मॅनिफोल्डला भोकं पाडलेली असतात, आणि तपासणी तिथूनच सुरू करायला सांगा. मशीन विकत घेण्यात अर्थ नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूर काढलात तर वॉचमन आधी सेक्रेटरीला बोलावेल.

गळती सापडली नाही तर पैसे किती, हे टेस्टआधीच विचारा. आणि होज बदलायची निघाली, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या गाडीची काढलेली आणू नका, तिचंही रबर तितकंच वाळलेलं असतं.