मालवणची शिडाची बोट आणि राजारामपुरीतलं बुकिंग

'मालवण ते विजयदुर्ग, शिडाच्या बोटीतून, एक रात्र समुद्रात' अशी जाहिरात कोल्हापुरात बऱ्याच जणांच्या मोबाईलवर आली असेल. नाताळच्या सुट्टीत आमचं घर आणि दाजींचं घर मिळून याच सफरीला माणशी ७,५०० रुपये भरून बसलो होतो. बोट दिसली नाही, पैसे अजून परत नाहीत. मे महिना तोंडावर आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

यातलं बरंचसं खरं होतं, तीच खरी गोम. कोल्हापुरातच राजारामपुरीत एजन्सीचं ऑफिस होतं, चहा आला, "वहिनी, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी आमच्यावर सोडा" म्हणणारा हसतमुख माणूस होता. पांढऱ्या शिडाच्या बोटीचा फोटो भिंतीवर होता. कोड स्कॅन केल्यावर एजन्सीऐवजी कुणा बाईंचं नाव आलं. दाजींनी लगेच विचारलं, तर उत्तर तयार: "मिसेसचं खातं आहे, उगाच जीएसटीचा भुर्दंड तुम्हाला कशाला?" पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक कार्यक्रमपत्रिका आली. त्यावर बोटीचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, तांडेलाचं, म्हणजे बोट हाकणाऱ्या प्रमुखाचं, नाव नाही.

निघायच्या आदल्या रात्री मेसेज आला. बंदर परवाना आणि विमा, माणशी आणखी ९०० रुपये, तासाभरात भरा नाहीतर जागा दुसऱ्याला. बॅगा दारात, पोरं झोपायला तयार नाहीत, अशा वेळी कोण घासाघीस करत बसतंय? वेळ मुद्दाम साधलेली होती.

गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून, तळेरे-कणकवली-कसाल करत मालवणच्या धक्क्यावर पोचलो. फोन लावला तर "बोट वेंगुर्ल्याला अडकलीय, दुपारपर्यंत येते." दुपारी बोट आली, पण इंजिनाची साधी होडी. तिचा मालक म्हणाला, "माका फक्त किल्ल्याची फेरी सांगितली हा. पैसे तुमीच देतलास मां?" त्यालाही दमडी पोचली नव्हती. त्यानंतर राजारामपुरीचा फोन बंद, तो कायमचाच.

धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलानं आमची कार्यक्रमपत्रिका वाचून घेतली आणि हसायलाच लागला. दुपारी दोनला शीड उभारून सूर्यास्ताला विजयदुर्ग, असं त्यात छापलेलं. त्यानं सांगितलं ते असं: हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, पण दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तो वायव्येकडून. विजयदुर्ग मालवणच्या उत्तरेला, समुद्रातून साधारण ५५ किलोमीटर. म्हणजे दुपारी निघालात की वारा जवळजवळ तोंडावरच. शिडाची बोट वाऱ्याला छेद देत नागमोडीच जाणार, अंतर वाढणार, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. शिवाय 'रात्री सिंधुदुर्गाला खेटून नांगर', म्हणजे परत मालवणातच, हेही होतं. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक पसरलेत, तिथं वाट माहीत नसलेला माणूस अंधारात बोट घालत नाही. "ह्यो कागद लिवणाऱ्यान समुद्र बगूक नाय," तो म्हणाला. आम्हा कोल्हापूरकरांचं बोटीचं ज्ञान रंकाळ्यापुरतं, हे त्या एजंटाला पक्कं ठाऊक होतं.

त्याच होडीनं, वेगळे पैसे देऊन, आम्ही किल्ला पाहिला. १६६४ मध्ये शिवरायांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पाहून पोरं बोट विसरली. संध्याकाळी मासळीचा लिलाव, चिवल्याचा किनारा, बांगडा आणि सोलकढी. गाव लाखात एक आहे, जांभ्या दगडाच्या घरांमधून नुसतं चालत राहावं. कृपया 'मालवणात लुटलं' असं कुणी पसरवू नका. लुटलं ते कोल्हापुरात.

खरी चलाखी परत आल्यावर कळली. पोलीस ठाण्यात विचारलं, "बोट आली होती का? किल्ला पाहिला का?" होय म्हटलं. मग हा सेवेतला वाद, ग्राहक आयोगात जा, असं उत्तर. ती साधी होडी धाडलेली असते ती यासाठीच. काहीतरी दिलं की चारशेवीस, म्हणजे आताच्या न्याय संहितेतलं कलम ३१८, सिद्ध करणं जड जातं. त्यामुळे अर्धवट सेवा पुढ्यात आली तर बसण्याआधीच 'ठरलेली बोट आलेली नाही' असा मेसेज एजंटाला पाठवा, होडीवाल्याकडून त्याला काय सांगितलं होतं ते लिहून घ्या. आमच्याकडे होडीवाल्याचं असं चार ओळींचं लिखाण आहे आणि आज तक्रारीत तेवढंच वजनदार आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण रक्कम त्या खात्यातून आधीच पुढे गेली होती.

ग्राहक आयोगात तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे कोल्हापुरातच दाखल केली. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही.

बुकिंग करायचंच असेल तर बोटीचा नोंदणी क्रमांक आणि तांडेलाचा फोन मागा, आणि मालवणच्या बंदर कार्यालयात तो क्रमांक विचारा. किल्ल्याच्या होडीचं तिकीट धक्क्यावरच मिळतं, त्याला एजंट लागत नाही. पावसाळ्यात ती वाहतूक बंद असते, तेव्हा जुलैची तारीख देणाऱ्याला तिथंच नमस्कार करा.

गेल्या आठवड्यात तोच पांढऱ्या शिडाचा फोटो मेहुणीच्या ग्रुपवर आला. या वेळी 'हर्णे ते मुरुड-जंजिरा', खाली दुसराच नंबर. तुमच्याकडे आला असेल तर तो नंबर जपून ठेवा, आमच्या वकिलांना हवाय.