स्लो ज्युसर आडवा घ्यावा की उभा? खानदेशातल्या घरासाठी तुलना

खानदेशात बसून स्लो ज्युसर, म्हणजे फळ हळूहळू दाबून रस काढणारं मशीन, घ्यायचा विचार करत असाल, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. आपल्याकडची दोन मोठी पिकं म्हणजे रावेर-यावलची केळी आणि शहाद्याकडची पपई. या दोन्हींचा रस कुठल्याच ज्युसरमधून निघत नाही. त्यांचा गर होतो, पाणी वेगळं होत नाही आणि जाळी मात्र लिंपून जाते. दुकानातला डेमो गाजर-सफरचंदावर होतो, आणि गाजर-सफरचंद कुठल्याही मशीनमध्ये छानच पिळलं जातं. म्हणून मशीनकडे बघण्याआधी आपल्या घरात रोज काय पिळलं जाणार ते ठरवा.

माझं मत आधीच सांगते. पिळणारा दांडा लोळता असतो तो आडवा, ताठ असतो तो उभा. सकाळी कपभर काढा-रस घेणारं घर असेल, म्हणजे गव्हांकुर, पालक, पुदिना, अद्रक, आवळा, ओली हळद, गाजर, बीट असं काही, तर आडवा घ्या. मोसंबी, डाळिंब, द्राक्ष, कलिंगड असं फळ आणि प्यायला पाच-सहा माणसं असतील, तर उभा घ्या. फक्त मोसंबी-संत्रं प्यायचं असेल, तर दोन्ही नको. दांडा खाली दाबून अर्धं फळ पिळणारं हाताचं यंत्र त्या कामाला सरस आहे. त्यात साल काढायची गरज नाही, विजेची गरज नाही आणि बी चिरडून कडवटपणाही येत नाही.

आमच्याकडे जळगावला आडवा आहे आणि धाकट्या जावेकडे धुळ्याला उभा. दोन्ही मशीनवर मी स्वतः रस काढते, त्यामुळे कामाला कोण कसं पडतं ते पाहायला मिळतं.

दोन्हींचं तत्त्व एकच आहे. आत जाड मळसूत्री दांडा असतो, दुकानदार त्याला ऑगर किंवा स्क्रू म्हणतो. तो मिनिटाला साधारण 40 ते 110 फेरे घेत फळ जाळीवर दाबत नेतो. साध्या ज्युसरची पाती असलेली जाळी मात्र मिनिटाला हजारो फेरे घेते, फळाचा कीस पाडते आणि रस भिरकावून बाहेर काढते. त्यात हवा मिसळते, म्हणून त्या रसावर जाड फेस येतो आणि तो लवकर काळवंडतो. स्लो ज्युसरचा खरा फायदा एवढाच आहे: फेस कमी, रस जास्त, पाला नीट पिळला जातो. साध्या ज्युसरमध्ये रस गरम होऊन सगळे गुण जळतात असं विकणारे सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. दोन-तीन मिनिटांत होणारी तापमानवाढ किरकोळ असते.

फरक पडतो तो दांडा कसा बसवलाय याने. उभ्यात माल वरून पडतो आणि स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. आडव्यात दांडा लोळता असतो. माल वरून टाकायचा, दांडा त्याला पुढे नेतो, रस खाली गळतो आणि चोथा समोरच्या तोंडातून बाहेर येत राहतो. हा चोथा बाहेर येताना दिसतो, हाताला लागतो, त्यामुळे मशीन नीट पिळतंय की नाही ते लगेच कळतं. आमच्याकडे मेथी-पालक घातला की पुढून हिरवट, सुतळीसारखी गाठ येते. ती मुठीत दाबली तर बोटं जेमतेम ओली होतात. साध्या ज्युसरच्या चोथ्याची मूठ दाबली तर मनगटापर्यंत रस ओघळतो. दुकानात डेमो मागाल तेव्हा गाजर बाजूला ठेवा, घरून पालकाची जुडी न्या आणि चोथा स्वतः मुठीत दाबून पाहा.

पाल्याच्या बाबतीत आडव्याला तोड नाही. लांब पात्याचे गव्हांकुर उभ्यात दांड्याभोवती गुंडाळले जातात, मग झाकण उघडून दोरे सोडवत बसा. आडव्यातही अद्रकाचे लांब दोरे अडकू शकतात, पण त्यावर उपाय सोपा आहे. अद्रक उभं चिरू नका, आडव्या पातळ चकत्या करा म्हणजे दोराच तुटतो. पाला घालताना चार-पाच पानांची गुंडाळी करायची, ती गेली की मागून गाजराचा एक तुकडा. गाजर आतला पाला पुढे रेटतं आणि जाळीही पुसून घेतं. पाला, गाजर, पाला, गाजर असं चालवलं की मशीन अडत नाही. आवळ्याची बी आधी काढायलाच हवी. ती दोन्ही मशीनना चालत नाही.

आता आडव्याच्या त्रासाबद्दल. त्याचं तोंड अरुंद असतं, बहुतेक मॉडेलमध्ये चारएक सेंटिमीटर. सगळं चिरून घालावं लागतं आणि ढकलायच्या दांड्याने हलका रेटा द्यावा लागतो. एका कपासाठी हे काही वाटत नाही. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे गेलेला, दुपारी पाहुणे आलेत आणि सहा ग्लास कलिंगडाचा रस काढायचाय, तर आडवा जीव खातो. रसाळ मऊ फळाला त्याच्या दांड्याची पकड बसत नाही. लगदा मागे फिरून तोंडातूनच वर येतो. जावेच्या उभ्या मशीनचं तोंड इतकं रुंद आहे की सोललेली मोसंबी अख्खी आत जाते. ती फळं टाकून पोळ्या लाटायला वळते, तोवर रस तयार. भरल्या घराला ही सोय मोठी आहे, आणि म्हणूनच तिने उभा घेतला ते योग्यच केलं असं मी सगळ्यांना सांगते.

डाळिंबाचे दाणे दोन्हीत चांगले पिळले जातात, पण बिया थोड्या रगडल्या जाऊन किंचित तुरटपणा येतो. टोमॅटोचं साल-बी वेगळं करून दाट रस काढायला दोन्ही बरे. ऊस मात्र दोन्हींपैकी कशातही घालू नका. दांडा कडक प्लास्टिकचा असतो, उसाच्या पेराने तो तडकतो. उसाचा रस रसवंतीवरच प्यावा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आमरसासाठी म्हणून कोणी ज्युसर घेत असेल तर तेही नको. बारीक जाळीत आंब्याचा गर अडतो. पुरणपोळीबरोबरचा रस हाताने पिळून चाळणीवर घासलेला जास्त चांगला होतो.

केळीचं काय ते सांगते, कारण इथे आडवा एकदम वेगळ्या कामाला येतो. बऱ्याच आडव्या मशीनबरोबर बिनछिद्राची एक टोपी येते. ती जाळीच्या जागी बसवायची. पिकलेली केळी सोलून, काप करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची आणि सकाळी पाचेक मिनिटं बाहेर काढून मशीनमधून घालायची. पुढून मऊ, घट्ट, आईस्क्रीमसारखा गोळा येतो. साखर नाही, दूध नाही, फक्त केळी. आमच्याकडे मुलांना रसापेक्षा हेच जास्त आवडतं, आणि केळी एकदम पिकून डाग पडायला लागली की टाकून द्यावी लागत नाहीत. पपईचे गोठवलेले तुकडेही असेच चालतात, फक्त त्यांना लिंबू पिळावं लागतं. याच टोपीने भिजवलेल्या डाळीचं वाटण, लसूण-अद्रकाची पेस्ट, भाजलेल्या दाण्यांचं दोन-तीनदा फिरवून लोण्यासारखं वाटण असं बरंच होतं. दाण्याच्या कोरड्या चटणीला मात्र मिक्सर किंवा खलबत्ताच हवा. खोक्यात ही टोपी आहे का आणि गोठवलेलं फळ घालायला कंपनीची परवानगी आहे का, ते माहितीपत्रकात पाहून घ्या. उभ्याच्या काही मॉडेलना अशी जोड वेगळी येते, सगळ्यांना नाही.

धुण्याचा प्रश्न बायकांना नीट कळतो, कारण मशीन कपाटात जातं ते धुवायच्या कंटाळ्याने. आडव्याची जाळी लहान असते. नळाखाली धरून ब्रश फिरवला की मोकळी होते. उभ्याची जाळी मोठी असते आणि चोथा बाहेर पडायच्या तोंडाला खालून एक रबरी बूच असतं. ते दर वेळी उघडून पुसलं नाही तर दुसऱ्या दिवशी वास येतो. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. जाळीच्या बारीक छिद्रांत पांढरा थर बसतो, गाजर-बीटचा रंग त्यात मुरतो आणि रस कमी पडायला लागतो. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात लिंबूसत्त्व टाकून जाळी अर्धा तास भिजत ठेवा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. हे दोन्ही मशीनना लागू आहे, फक्त आडव्यात काम लवकर आटोपतं.

जागेचं गणित उलटं आहे. आडवा ओट्यावर लांबीने पसरतो, उभा उंचीने वाढतो. ओट्यावर लगेच भिंतीतलं कपाट असेल तर उभ्याचं झाकण उघडताना डोकं आपटतं. ओटा अरुंद असेल तर आडवा आडवा येतो. घरी जाऊन टेप लावा.

विजेचं सांगते. स्लो ज्युसर साधारण 150 ते 250 वॅटचा असतो, म्हणजे मिक्सरच्या निम्म्याहून कमी. लाइट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. इन्व्हर्टर साइनवेव्हचा असावा, साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर अशी मोटर घूं-घूं करते आणि तापते. मशीन सलग किती मिनिटं चालवायचं ते पत्रकात लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात ती मर्यादा काटेकोर पाळा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आडवा मागवायचा विचार असेल तर थांबा. तिकडची वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. तिकडचं मशीन थेट आपल्या बोर्डात लावलं तर मोटर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी 50 हर्ट्झवर इंडक्शन मोटर सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त तापते. 230 व्होल्टचंच मॉडेल घ्या.

मशीन घेतल्यावर रस किती प्यायचा, हेही याच निर्णयात येतं. चोथा टाकून दिला म्हणजे तंतू गेले, राहिली ती फळातली साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरली आहे आणि दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवायला सांगितली आहे. मोठ्या माणसाला ती साधारण 50 ग्रॅम भरते. मोसंबीच्या मोठ्या ग्लासातच वीसएक ग्रॅम जाते. घरात मधुमेह असेल तर फळांच्या रसासाठी उभा घेण्यात मला शहाणपण दिसत नाही, फळ चावून खावं. पालक-बीटमध्ये ऑक्झलेट बरंच असतं, मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. रक्त पातळ करण्याची वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर रोजचा हिरवा रसही विचारूनच.

दुधीचा रस काढणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते: पिळण्याआधी दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. जरा जरी कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं. त्याने उलट्या, रक्तस्राव होऊन माणसं दगावली आहेत, आणि त्या घटनांनंतर आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) समितीनेही कडू रस पिऊ नये असं स्पष्ट बजावलं आहे. दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा लपवू नका, विष तसंच राहतं.

शेवटी पैसे आणि सुटे भाग. गव्हांकुरापुरताच रस हवा असेल तर ओट्याला शिकंजाने अडकवायचं, हाताने फिरवायचं आडवं यंत्र मिळतं. ते सगळ्यात स्वस्त पडतं आणि दोघांच्या घराला पुरतं. विजेच्या मशीनमध्ये उभ्याचे पर्याय भारतात कितीतरी जास्त आहेत, आडवे मोजकेच मिळतात. म्हणून आडवा घेताना मोटरच्या वॉरंटीच्या वर्षांवर जाऊ नका. मोटर सहसा टिकते. झिजते ती जाळी, तडकतो तो दांडा, सैल होतो तो रबरी वायसर. या तीन वस्तू सुट्या मिळतात का, किती किमतीला आणि सर्व्हिस सेंटर जळगाव-धुळ्यात आहे की मशीन नाशिक-पुण्याला पाठवावं लागेल, हे पैसे देण्याआधी फोन करून विचारा. शक्य असेल तर मशीनबरोबरच एक जादा जाळी आणि दोन वायसर घेऊन ठेवा. बिलावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची जाळी एकमेकांना बसेलच असं नाही.