विमानतळाचे डिस्प्ले म्हणून घरचे टीव्ही गळ्यात मारले, ७,३७,५०० रुपये गेले

लिहू की नको, यातच दोन महिने गेले. बावीस वर्षं जालन्यात कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचं दुकान चालवतोय. लोक मला विचारून माल घेतात. आणि मलाच टीव्ही आणि डिस्प्ले यातला फरक कळला नाही, हे चारचौघांत कोण सांगेल? पण मी गप्प बसलो तर हे टीव्ही विकणारा व्यापारी पुढच्याला गाठणार.

मराठवाड्यातल्या एका विमानतळावर विमानांच्या वेळा दाखवणारे स्क्रीन बदलायचे होते. मुख्य ठेकेदाराकडून १० स्क्रीन पुरवून बसवायचं काम माझ्याकडे आलं. आपल्याकडं विमानतळ मोजके, चिकलठाणा, नांदेड, लातूर. असं काम माझ्यासारख्याला आयुष्यात एकदा मिळतं. विमानतळाचा यात काडीचा दोष नाही, म्हणून कोणता ते लिहीत नाही.

अटी स्वच्छ लिहिलेल्या होत्या. ५५ इंची पॅनल, २४ तास सातही दिवस चालणारा, उजेड किमान ५०० निट्स. घरचा टीव्ही साधारण ३०० च्या आसपास असतो, काचेच्या हॉलमध्ये भर दुपारी त्यावरचं वाचताच येत नाही. लाईट जाऊन आली की रिमोटला हात न लावता स्क्रीन आपोआप सुरू व्हायला हवा, नेटवर्कवरून चालू-बंद करता यायला हवा. शिवाय तेच रकाने, तेच मथळे दिवसभर एका जागी राहतात, साध्या पॅनलवर त्यांचे डाग बसतात. हे सगळं मला पाठ होतं.

दोन ठिकाणचे भाव आले, एक ९१,००० चा, दुसरा ८८,५०० चा. मग एका ओळखीतून मुंबईचा एक व्यापारी मिळाला. म्हणाला, एका मोठ्या प्रकल्पाची ऑर्डर रद्द झाली, माल पडून आहे, ६२,५०० ला देतो. लोभ म्हणा हवं तर. पण असा अडकलेला माल बाजारात खरंच येतो, मी स्वतः घेतलेला आहे. त्यानं व्हिडिओ कॉलवर पॅनल चालू करून दाखवला. तो खराच होता, पण माझ्या खोक्यांत तो नव्हता. म्हणून सांगतो, व्हिडिओवर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा.

१० नगांचे ६,२५,००० आणि १८ टक्के जीएसटी १,१२,५००. पैकी ३,००,००० आगाऊ दिले, ४,३७,५०० माल उतरताना द्यायचे ठरले.

नोव्हेंबर २०२५ ची ती संध्याकाळ मला झोपू देत नाही. टेम्पो दुकानासमोर उभा, ड्रायव्हर घाई करतोय, व्यापाऱ्याचे फोनवर फोन. मी एक खोकं उघडलं. मागं २४/७ लिहिलेलं चंदेरी स्टिकर होतं, एका कोपऱ्यातून जरासं उचललेलं. माझा अंगठा त्या कोपऱ्यावर होता. आत माईकचं बटण असलेला रिमोट होता. भाचा म्हणाला, "मामा, ह्याच्यावर पिक्चरच्या अ‍ॅपची बटनं कामून दिसायलेत?" मी म्हणालो, सेटिंगसाठी असतील. ते स्टिकर तिथंच ओढलं असतं तर ४,३७,५०० वाचले असते. मी तसाच उभा राहून फोनवरून आरटीजीएस केलं.

बिलसुद्धा ओरडून सांगत होतं. एचएसएन, म्हणजे जीएसटी बिलावरचा मालाच्या प्रकाराचा कोड, ८५२८ ७२ लिहिलेला, तो टीव्हीचा. कॉम्प्युटरला जोडायच्या मॉनिटरचा ८५२८ ५२. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या दोन्हींना १८ टक्केच कर, रकमेत फरक पडत नव्हता, म्हणून नजर गेली नाही. तुमची जाऊ द्या. बिल येईल तेव्हा आधी एचएसएन बघा, मग रक्कम.

सगळं बसवून झाल्यावर ठेकेदाराचा इंजिनिअर तपासणीला आला. त्यानं काही विचारलं नाही, सरळ एमसीबी, म्हणजे लाईटचा मेन स्विच, पाडला, दोन मिनिटं थांबला आणि वर केला. दहाच्या दहा स्क्रीनवर नुसता लाल दिवा. आपल्याकडं लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. दर वेळी रिमोट घेऊन कोण पळणार? दहाही स्क्रीन नापास. त्या रात्री गोडाऊनमध्ये स्टिकर ओढलं. खाली बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का, आयएस ६१६, म्हणजे टीव्हीचा. मॉनिटरचा आयएस १३२५२ हवा होता. शिक्क्याजवळचा आर नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कंपनी आणि वस्तू दोन्ही दिसतात. मी टाकला, पण पैसे गेल्यावर.

नवे स्क्रीन ९१,००० नं घेऊन काम पुरं केलं. उशिराचे ४७,००० कापले गेले ते वेगळेच.

आता पोलिसांचं. पहिल्या ठाण्यात म्हणाले, "बिल आहे, माल मिळाला, मग फसवणूक कसली? दिवाणी दावा करा." एका वस्तूचे पैसे घेऊन स्टिकर लावून दुसरी वस्तू दिली, ही फसवणूक नाही तर मग भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ ठेवलंय कशाला? नंतर म्हणाले, व्यापारी मुंबईचा, तिकडं जा. रजा नाही, सुट्टी नाही, दुकान बंद ठेवून गेलो. तिकडचे म्हणाले, माल जालन्यात उतरला, तिकडंच द्या. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, तो कागद पुढं ठेवला. उत्तर मिळालं, "आम्हाला कायदा शिकवू नका." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणाले, हा प्रकार ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही. ग्राहक आयोगाचं वकिलांनी तिथल्या तिथं सांगितलं, पुढं विकायला घेतलेल्या मालाला तुम्ही ग्राहक नाही. त्यात व्यापाऱ्यानं जीएसटीचं विवरणच भरलेलं नाही, म्हणून माझ्या २बी मध्ये, म्हणजे वजावट मिळणाऱ्या कराच्या जीएसटी यादीत, ते १,१२,५०० दिसत नाहीत. जीएसटी कार्यालयात म्हणतात, विक्रेत्याला भरायला सांगा. तो फोन उचलत असता तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?

शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज दिला. त्यांनीही नाही ऐकलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायची वाट आहे. वकिलांनी कागद तयार ठेवलेत. स्टिकर काढून फेकू नका, खोकं जपा, रिमोट जपा. मी ओढलेलं स्टिकर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय.

मुंबईला गेलो तेव्हा बिलावरच्या पत्त्यावर गेलो होतो. शटर बंद. शेजारचा दुकानदार म्हणाला, "तुम्ही तिसरे." आधीचे दोघं कोण, कुठले, त्याला माहीत नव्हतं. तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्याही स्क्रीनमागं असंच चंदेरी स्टिकर असेल, तर तुमच्या ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. माझ्या एकट्याच्या अर्जाला ते दिवाणी म्हणतात. तीन ठिकाणचे तीन अर्ज एकाच माणसाविरुद्ध पडले तर तसं म्हणणं त्यांना जड जाईल.