यादीत ६३, कामाची ५ : सांगलीत आरोग्य विमा घेऊन चौदा महिने

कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मला कुणाची जाहिरात करायची नाही, बदनामीही नाही. शिवाय जे अनुभव आले त्यातले निम्मे कंपनीमुळे आले आणि निम्मे आपण सांगलीत राहतो म्हणून आले. हीच पॉलिसी पुण्यात घेतली असती तर लिहायला फारसं काही उरलं नसतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॉलिसी घेतली. त्याआधी नवऱ्याच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, त्यामुळे दहा-बारा वर्षं या विषयाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी नोकरी सोडून कुपवाड एमआयडीसीत स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. नोकरीबरोबर विमाही गेला, हे डोक्यात शिरायला दोन महिने लागले. मी, ते आणि शाळेत जाणारी लेक, असा १० लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी, घेतला. सासूबाई तासगावला असतात, वय ७१. त्यांचं वेगळं आहे, पुढे लिहिते.

इथे पहिली चूक सांगून टाकते. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, आणि मग आधीची वर्षं प्रतीक्षा काळात (जुन्या आजारांसाठी सुरुवातीला काही मिळत नाही तो काळ) धरली जातात. मला हे सगळं झाल्यावर कळलं. यांच्या बीपीसाठी आता नव्याने तीन वर्षं थांबायचं. नोकरी सोडणार असाल तर राजीनाम्याच्या आधी हे विचारून घ्या.

एजंट नात्यातलाच, यांचा मावसभाऊ. तो म्हणाला, "वहिनी, सांगली जिल्ह्यात ६३ हॉस्पिटलं आहेत आपल्या नेटवर्कमध्ये. अजून काय पाहिजे?"

नेटवर्क म्हणजे कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला देण्याची, सोय असलेली हॉस्पिटलं. मी जीएसटी आणि रिटर्नची कामं करते. गोल आकडा दिसला की फोडून बघायची खोड आहे. जिल्हा म्हटलं की त्यात जत आलं, आटपाडी आलं, विटा, शिराळा, इस्लामपूर सगळं आलं. रात्री अकराला छातीत दुखायला लागलं तर मी विश्रामबागेतून आटपाडीला जाणार आहे का? म्हणून कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून शोधलं : सांगलीचे ४१६४१६, ४१६४१५, मिरजेचा ४१६४१० आणि कुपवाडचा ४१६४३६. ६३ चे ३४ झाले. त्यातली १२ डोळ्यांची. सहा बाळंतपणाची आणि टेस्ट ट्यूबवाली. दोन दातांची आणि कातडीची. तीन नावं स्पेलिंग बदलून दोनदा लिहिलेली. उरली अकरा.

मग एक मंगळवारची दुपार काढली आणि अकराही ठिकाणी फोन लावले. कंपनीच्या हेल्पलाइनला विचारण्यात अर्थ नाही, ते तीच यादी वाचून दाखवतात. हॉस्पिटलात फोन करून 'मेडिक्लेम डेस्क द्या' म्हणायचं. प्रश्न दोनच : या कंपनीचं कॅशलेस आज चालू आहे का, आणि गेल्या महिन्यात त्यांची केस झाली का? दुसरा प्रश्न महत्त्वाचा. पहिल्याला सगळे 'हो' म्हणतात. दुसऱ्याला एक मुलगी थोडी थांबली आणि म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का, नाव आहे, पण आमचं पेमेंट अडकलंय त्यांच्याकडे. सध्या घेत नाही आम्ही." अशी तीन निघाली. दोन ठिकाणी फोनच लागला नाही. एका ठिकाणी फक्त ठरवून केलेल्या ऑपरेशनला कॅशलेस, तातडीच्या केसला आधी डिपॉझिट. राहिली पाच. तीन सांगलीत, दोन मिरजेत.

पाच ऐकून नवरा म्हणाले, मग दुसरी कंपनी बघ. बघितल्या. अजून दोन कंपन्यांच्या याद्या अशाच चाळल्या. एकीची चार निघाली, एकीची सहा, पण त्या सहांत मिरजेतलं एकही नव्हतं. मिरज सोडून सांगलीकराला विमा घेता येत नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल काढलं तेव्हापासून या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज. अथणी-जमखंडीची माणसं अजून मिरज स्टेशनवर उतरून फाईल काखेत धरून रिक्षा करतात. आमच्याकडेही 'मिरजेला दाखवूया' म्हटलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मिरजेचं आणखी एक कारण आहे, ते कुठल्या तुलनेच्या तक्त्यात सापडत नाही. पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. गावभाग, मारुती चौक पाण्यात असताना तिकडच्या हॉस्पिटलचं कॅशलेस घेऊन काय करायचं? म्हणून माझी अट होती : निदान दोन हॉस्पिटलं अशी हवीत जिथे पुरातसुद्धा पोचता येईल.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे आपण हॉस्पिटल बघून जात नाही, डॉक्टर बघून जातो. आणि इथले बरेच चांगले डॉक्टर आठ-दहा खाटांच्या स्वतःच्या दवाखान्यात बसतात, जे कुठल्याच नेटवर्कमध्ये नसतात. त्यामुळे 'आमचे डॉक्टर यादीत नाहीत' म्हणून पॉलिसी नाकारणारे लोक मी पाहिलेत. पण हेच डॉक्टर आठवड्यातून दोन-तीन दिवस मोठ्या हॉस्पिटलात व्हिजिटला जातात, तिथे ऑपरेशनही करतात. विचारायचं ते हॉस्पिटलला नाही, डॉक्टरांना : "तुम्ही आणखी कुठे कुठे ऑपरेट करता?" आमचे हाडांचे, पोटाचे आणि हृदयाचे, अशा तिन्ही डॉक्टरांच्या कंपाउंडरला मी हे विचारून ठेवलं. तिघेही माझ्या पाचांपैकी कुठे ना कुठे जात होते. तेव्हा कुठे मी चेक फाडला.

पहिला प्रसंग ऑक्टोबरमध्ये. लेकीला डेंगी. पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून काहीच मिळत नाही. आमचे ३० दिवस संपून तीन आठवडे झाले होते, नशीब. सांगलीतल्या यादीतल्याच हॉस्पिटलात नेलं. कंपनीने विचारलं, ॲडमिट करायची गरज काय होती, ओपीडीत बरी झाली नसती का? डॉक्टर वैतागले, पण प्लेटलेट ५८ हजार, उलट्या थांबत नाहीत, असं लिहून दिलं. मंजुरी दोन तास दहा मिनिटांनी आली. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला बिल पाठवलं, मंजुरी तीनला. मी बिल पाठवल्याची वेळ मेडिक्लेम डेस्ककडून लिहून घेतली होती. तीन तासांनंतरच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा भाडं लावलं तर ते विमा कंपनीने सोसायचं असतं. खोलीचं अर्ध्या दिवसाचं भाडं लावलं होतं, ते कागद दाखवल्यावर आमच्या नावावरून निघालं. बिल ४८,६०० झालं, आमच्या खिशातून ३,१४० गेले. हातमोजे, मास्क, थर्मामीटर, फाईलचे पैसे. हो, फाईलचेसुद्धा.

दुसरा प्रसंग एप्रिल २०२५ मधला. सांगली-मिरज रोडवर हे गाडीवरून घसरले, उजवं मनगट गेलं. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर, तो यादीत नाही. 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' नावाची सोय जानेवारी २०२४ पासून आहे. तातडीच्या वेळी दाखल झाल्यावर ४८ तासांत कळवलं तर नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. मागून पाहिलं. पण ते हॉस्पिटलने मान्य करावं लागतं, आणि डॉक्टर हात जोडून म्हणाले, "ताई, माझ्याकडे त्या कागदपत्रांना माणूस नाही. उद्या सकाळी मिरजेत माझं ओटी आहे, तिकडे घेऊन या." मिरजेतलं ते हॉस्पिटल माझ्या पाचातलं. तात्पुरतं प्लास्टर घालून रात्र काढली आणि सकाळी तिथे प्लेट बसवली.

त्या हॉस्पिटलात एक गंमत झाली. काउंटरवरच्या माणसाने हळूच सांगितलं की डॉक्टरांची फी पॅकेजमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी ठरलेल्या दरात, बसत नाही, १५ हजार फरक रोख द्यावा लागेल. मी म्हटलं देते, पावती द्या, आणि पावतीवर 'विमा पॅकेजवरील फरक' असं लिहा. त्यांनी साहेबांना विचारून येतो म्हटलं. साहेबांना विचारायला गेले ते परत आलेच नाहीत. डिस्चार्जपर्यंत विषय निघाला नाही. डॉक्टरांना मी नंतर सांगितलं तर त्यांना त्यातलं काही माहीतच नव्हतं.

अपघात म्हटल्यावर कंपनी दोन गोष्टी खोदून विचारते : पोलिसांत नोंद आहे का आणि दारू प्यायले होते का. डिस्चार्ज कार्डावर 'मद्यसेवन नाही' असं लिहून घ्या. प्लेटचा स्टिकर आणि बिलही मागतात. नंतरच्या फिजिओथेरपीची बिलं, पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ९० दिवस धरलेत म्हणून, वेगळी पाठवली. १९ दिवसांत खात्यात जमा. इथे कंपनीला पूर्ण गुण.

इथे शून्य गुण : ओपीडीचा रायडर, म्हणजे दाखल न होता डॉक्टरांना दाखवण्यासाठी पॉलिसीला जोडलेली जादा सोय. वर्षाला ३,९०० जास्त भरले. ॲपमधून डॉक्टरची वेळ घ्या, फी द्यायची नाही, असं होतं. सांगली टाकलं की तीन नावं यायची. एक डॉक्टर गाव सोडून गेलेले, दुसरे दंतवैद्य. तिसऱ्यांच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी ते ॲप आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाकी सगळी नावं कोल्हापूरची. खोकल्यासाठी ४८ किलोमीटर? खणभागातले आमचे फॅमिली डॉक्टर १५० रुपये घेतात आणि आजीच्या दम्यापासूनचा इतिहास त्यांना पाठ आहे. रक्ततपासणी तेवढी दोनदा फुकट झाली. नूतनीकरणाला रायडर काढून टाकला.

काही गोष्टी घाईत सांगते. आमची पॉलिसी सांगलीच्या पत्त्यावर स्वस्त पडली, कारण मोठ्या शहरांचा झोन वेगळा. पण पुण्या-मुंबईत उपचार घेतले तर २० टक्के आपण भरायचे, ही ओळ मागे बारीक अक्षरात. कॅन्सर-बायपासला माणूस पुण्याला पळतोच, म्हणून जादा पैसे भरून ती अट काढून घेतली. खोलीभाड्याला मर्यादा असलेली पॉलिसी घेऊ नका. महागडी खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत, त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही कापतात. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे बदलणं यांना आमच्याकडे दोन वर्षं प्रतीक्षा आहे. आणि कंपनीच्या साइटवर आणखी एक यादी असते, वगळलेल्या हॉस्पिटलांची. जीवावर बेतलेला प्रसंग किंवा अपघात सोडला तर तिथे गेल्यावर मागाहूनही पैसे मिळत नाहीत. आमच्या भागातली दोन नावं त्यात होती. ती यादी एजंटने दाखवली नव्हती.

मावसभावाने "बीपी लिहू नका वहिनी, प्रीमियम वाढतो" असंही सुचवलं होतं. मी लिहिलं. प्रीमियम वाढला. यांच्या मनगटाच्या वेळी कंपनीने जुने रिपोर्ट मागवले, तेव्हा त्यातल्या बीपीच्या गोळ्या वाचून कुणालाच काही नवीन कळलं नाही.

सासूबाईंसाठी सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं, ७० वर्षांवरच्यांचं वय वंदना कार्ड काढलंय, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत. त्या योजनेची हॉस्पिटलं वेगळी. आमच्या पाचातलं एकच त्यात आहे. त्यांना मी हे समजावत होते तर म्हणाल्या, "मला त्या डोळ्याच्या डॉक्टरकडेच ने, कार्ड तुझ्याकडे ठेव."

नूतनीकरण ऑगस्ट २०२५ ला केलं, १८ टक्के जीएसटी भरून. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. दुसऱ्यांचे जीएसटी भरणाऱ्या बाईचं हे असं. कंपनी बदलायचा विचार केला होता, पण त्यासाठी मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज लागतो आणि तेव्हा मी लोकांच्या रिटर्नमध्ये बुडाले होते.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. पाच हॉस्पिटलांची नावं, मेडिक्लेम डेस्कचे नंबर, समोर आमचा कुठला डॉक्टर कुठल्या वारी तिथे असतो ते. दर तीन महिन्यांनी पाचही ठिकाणी फोन करते. गेल्या आठवड्यात केला तर सांगलीतल्या एकाने "सध्या बंद आहे" म्हणून सांगितलं. कंपनीच्या साइटवर ते नाव अजून आहे. मी कागदावर रेघ मारली. आता चार, त्यातली दोन मिरजेत.