होम असिस्टंटवर म्युझिक असिस्टंट: चिऱ्यांच्या घरात कसे चालते?

गाण्यांच्या याद्या एका बटणावर आणायच्या तर होम असिस्टंटला (घरातली उपकरणे चालवणारी प्रणाली) म्युझिक असिस्टंटची (स्पीकरवर गाणी लावणारा तिचा जोडीदार) जोड द्यावीच. फुकट आहे, आणि संगणकावरचे स्वतःचे नाट्यगीतांचे एमपी३ही वाजवते.

मांडणी सोपी. होम असिस्टंटच्या ‘हेल्पर’ विभागात ड्रॉपडाऊन (पर्यायांची यादी) करा: ‘निवडा’, ‘सकाळची भजने’, ‘नाट्यगीते’. ऑटोमेशनचा (आपोआप चालणाऱ्या कामाचा) ट्रिगर, म्हणजे ते सुरू करणारी घटना, हा त्या ड्रॉपडाऊनमधला बदल. क्रिया ‘प्ले मीडिया’, प्रकार प्लेलिस्ट, एनक्यू (रांगेत कसे घालायचे ते) ‘रिप्लेस’. ‘ॲड’ ठेवलेत तर नवी यादी जुन्या रांगेच्या शेपटाला लागते. आवाज आधीच ०.३ वर (तीस टक्क्यांवर) आणून ठेवा, पहाटे घर दणाणू नये.

हमखास अडकते ते इथे: तीच यादी पुन्हा निवडली तर काहीच होत नाही, कारण स्थिती बदललेलीच नसते. म्हणून शेवटच्या पायरीत ड्रॉपडाऊन परत ‘निवडा’वर न्या, आणि ‘निवडा’ असताना ऑटोमेशन चालू नये अशी अट घाला. ड्रॉपडाऊनमधले नाव म्युझिक असिस्टंटमधल्या यादीच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. ‘गीते’ आणि ‘गीतें’ वेगळे.

गोव्यातल्या जाड चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती वायफाय खातात. सोप्यावरच्या (ओसरीवरच्या) स्पीकरला जवळ ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा जोडडबा) द्या, पण स्पीकर गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) नको. तिथे म्युझिक असिस्टंटच्या सर्व्हरला स्पीकर सापडतच नाही. पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते, त्यात हे सगळे रास्पबेरी पायवर (छोट्या संगणकावर) चालवत असाल तर त्याचे एसडी कार्ड बिघडते. कार्डाऐवजी एसएसडी (टिकाऊ साठवण) आणि छोटा यूपीएस हवाच, राउटरही त्यावरच.

मोबाइलवरचे होम असिस्टंटचे पान मात्र ज्येष्ठांना जड जाते. त्यांच्यासाठी भिंतीवर झिग्बीचे (घरातल्या उपकरणांच्या बिनतारी जोडणीचे) चार बटणांचे रिमोट लावा. एकेका बटणाला एकेक यादी.