नागपुरात कारला टायर कोणते टाकावे: एमआरएफ, अपोलो, सिएट की मिशेलिन?

मागच्या महिन्यात आमच्या स्विफ्टचे चारही टायर बदलले, तेव्हापासून ऑफिसमधले तिघं अन् घरचा साळा, सगळे एकच विचारून राहिले की भाऊ कोणते टाकू, म्हणून एकदाच लिहून टाकतो. साइज १८५/६५ आर १५, तुमची वेगळी असेल तर भाव बदलेल, बाकी हिशोब तोच.

आधी सांगा गाडी वर्षाला चालते किती? कारण टायरवाला पहिलं वाक्य टाकतो ते "हा लाख किलोमीटर जाते" हेच. आता तुमची गाडी घर, बर्डी, धरमपेठ अन् रविवारी फुटाळा एवढीच फिरत असेल तर वर्षाला सात हजार होतील, म्हणजे लाख व्हायला चौदा वर्षं लागतील, अन् तोवर रबर राहते कुठं! आपल्या इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गाडी दिवसभर उन्हात उभी, पाच-सहा वर्षांत रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडतात, ट्रेड, म्हणजे रस्त्याला लागणारी खाचांची नक्षी, शाबूत दिसला तरी. अशा माणसानं जास्त टिकणाऱ्या टायरसाठी पैसे घालू नये, ग्रिपसाठी घालावे.

अन् ग्रिप अन् टिकाऊपणा याचं जरा सासू-सुनेसारखं आहे. रबर कडक ठेवलं तर घासत नाही पण ओल्या रस्त्यावर घसरते, नरम ठेवलं तर पकड मस्त पण लवकर गोटा होते. म्हणून नुसती कंपनी विचारू नका, मॉडेल विचारा. अपोलोचंच बघा, अमेझर फोर-जी लाइफ हा टिकण्यासाठी आहे अन् अल्नॅक हा पकड अन् आरामासाठी, दोन्ही एकाच दुकानात शेजारी ठेवलेले असतात. सिएटमध्येही तसंच, मायलेझ टिकाऊ, सिक्युराड्राइव्ह हायवेवाला. (एक जण म्हणे सिएट आपल्या बुटीबोरीत बनते म्हणून घेतो, अरे बाप्पा, तिथं स्कूटर-मोटरसायकलचे बनतात!)

एमआरएफचं नाव आहे ते जाड साइडवॉलमुळे, म्हणजे टायरची बाजूची भिंत. उमरेड-भिवापूरकडं खड्ड्याखुड्ड्यातून रोज जाणं असेल तर मी डोळे मिटून हाच सांगतो, गाडी थोडी कडक वाटेल, चालते. आपल्या शहरातही सिमेंट रोड अन् गट्टूच्या मध्ये ती जी उंचीची धार असते ना, मी तिच्यावर एकदा गाडी तिरपी चढवली अन् दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. फुगा आला की टायर गेला, त्याला दुरुस्ती नाही, पंक्चरवाला काहीही म्हणो.

मिशेलिन महाग, माझ्या साइजला टायरमागे हजार-दीड हजार जास्त पडले, पण सिमेंट रोडवरचा तो घुंई आवाज कमी झाला अन् पावसात ब्रेक मारताना छातीत धस्स होत नाही. मी हेच टाकले, कारण महिन्यातून दोनदा समृद्धीवरून संभाजीनगरला जातो. ब्रिजस्टोन यांच्या मधला, आराम चांगला, भावही मधलाच, मिशेलिनचं बजेट नसेल तर हा बघा. गुडइयर अन् योकोहामा मी कधी वापरले नाही, त्यावर बोलत नाही.

पैशाचा हिशोब किलोमीटरवर करा. समजा चार टायर २०,००० चे अन् ५०,००० किलोमीटर गेले तर ४० पैसे पडले, २७,००० चे तेवढेच गेले तर ५४. मला ते १४ पैसे मंजूर, टॅक्सीवाल्याला नसतील. अन् सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, जुन्या लेबलचा भाव कोणी सांगत असेल तर तिथंच थांबा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, टायर बनल्याची तारीख. बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. एका दुकानात मला "एकदम फ्रेश माल साहेब" म्हणून टायर दाखवला, फडक्यानं पुसून पाहिलं तर ११२३, म्हणजे मार्च २०२३ चा! असा टायर कोणत्याही कंपनीचा असो, घेऊ नका.

टायरवर साइजच्या शेवटी किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारं स्पीडचं अक्षर असते, ते टी असलं तरी ताशी १९० पर्यंत चालतो अन् समृद्धीवर लिमिट १२० आहे, मग त्याहून जास्त वेगाच्या व्ही साठी उगाच पैसे काहून द्यायचे? फक्त गाडीच्या पुस्तकात दिलंय त्याच्या खाली जाऊ नका. अन् उन्हाळ्यात हवा कमी ठेवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, कमी हवेनं साइडवॉल जास्त दबते, वाकून वाकून तापते अन् तिथूनच फुटते. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची.

साळ्याचं बजेट दोनच टायरचं आहे. त्याला सांगितलं, नवी जोडी मागं टाक. दुकानदार पुढं बसवायला बघेल, पण ओल्या रस्त्यावर मागचा भाग घसरला की गाडी गरकन फिरते, तेव्हा त्याच्यासमोर उभं राहून मागंच बसवून घे.