दहा रुपयांत गाय जगत नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरीच्या पुराने मराठवाड्यातल्या कितीतरी गोठ्यांतली वैरण कुजली, वाहून गेली. अशा दिवसांत खरी मदत येते, आणि तिच्या आडून खोटं पावतीपुस्तकही येतं. बारा जणींच्या एका बचत गटाचे सहा हजार रुपये असेच गेले. प्रत्येकीचे पाचशे, वर्षभरात दानासाठी त्यांच्याकडे तेवढेच होते.

जीपला बॅनर, गळ्यात ओळखपत्र, मोबाईलवर चिखलात रुतलेल्या गाईंचे फोटो. "ताई, सहा हजारांत दहा गाई दोन महिने जगतील," असं जीपमधून देणगी मागायला आलेल्या माणसानं सांगितलं. फसवणूक या एका वाक्यातच उघडी होती. दहा गाई साठ दिवस म्हटलं तर एका गाईला रोजचे दहा रुपये येतात. २०१९ च्या दुष्काळात सरकारी चारा छावणीला मोठ्या जनावरामागे रोज शंभर रुपये मिळत होते. त्या जुन्या दरानेही सहा हजारांत चार गाईंचे पंधरा दिवस निघतात, पुढे नाही. जो याच्या दहापट कबूल करतो, त्याला चारा घ्यायचाच नसतो.

दुसरी गफलत कडब्यात होते. कडबा शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंड्यांच्या भावाने, विकला जातो. पेंडी बारीक बांधली की शेकडा तोच राहतो आणि वैरण निम्मी होते. म्हणून "पाचशे पेंड्या वाटल्या" एवढ्यावर समाधान मानू नका. किती किलो, कोणत्या गावात, कुणाच्या दावणीला, हे विचारा.

पावतीवर नोंदणी क्रमांक होता आणि तो खराही होता, पण दुसऱ्याच संस्थेचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या क्रमांकाआधी बहुधा ई किंवा एफ हे अक्षर आणि सोबत जिल्ह्याचं नाव असतं. नुसता क्रमांक पाहून भागत नाही. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात त्या क्रमांकापुढे संस्थेचं नाव, पत्ता आणि विश्वस्त कोण आहेत ते जुळवायचं, आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल दाखल आहे का ते विचारायचं. '८०जी' छापलेलं असलं तर ती आयकराची सवलत झाली, कामाची हमी नव्हे. शिवाय दोन हजारांवरच्या नगदी देणगीला ती सवलतही मिळत नाही.

पैसे मात्र क्यूआर कोडवर गेले. स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. बॅनरवर प्रतिष्ठान आणि पडद्यावर एका माणसाचं नाव, हे दिसलं की हात मागे घ्यायचा. घाई असल्यामुळे तिथे कुणी पाहिलं नाही.

आजारपणाच्या आवाहनात हेच वेगळ्या रूपात येतं. ऑपरेशनला पाच लाख हवेत म्हटलं की पहिला प्रश्न असा: सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, रुग्णालयात या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटलात का? धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात, त्यासाठी अर्ज केला का? त्यानंतरही रक्कम कमी पडत असेल तर ती नातेवाइकाच्या खात्यावर न टाकता रुग्ण क्रमांकावर रुग्णालयाच्या काउंटरला भरावी. खरा गरजू यावर चिडत नाही, उलट त्याची एक खेप वाचते.

पैसा थोडा असेल तर चार ठिकाणी पाचशे-पाचशे वाटू नका. चार संस्था तपासायला चार हेलपाटे पडतात, मग एकही नीट तपासली जात नाही. वर्षाला एकच काम धरा, जमल्यास आपल्याच तालुक्यातलं, आणि चाऱ्याचे पैसे थेट चारा विकणाऱ्याला देऊन वजनकाट्याची पावती घ्या.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, स्क्रीनशॉट आणि पावती जवळ ठेवा. आलेले मेसेज पुसू नका. पावतीवर ज्या संस्थेचा क्रमांक चोरलेला आहे, तिलाही कळवा. तिच्या नावाने पुढच्या गावात वसुली चालूच असते.